सुमेधची येझदी

५ ऑगस्ट १९९०, रविवार

सुमेधची गाडी सुरू झाली नाही.

गुरुवारी रेडिओवर बातमी आली तेव्हापासून घरात कोणी धड जेवलेलं नाही. इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. आमचा सुमेध तिथे एका कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर आहे. ट्रंक कॉल बुक केला, तो लागत नाही. बायको शांता बुद्धवंदनेला बसते आणि मधेच उठून दाराशी जाते. सूनबाई रंभा गॅसवर तवा ठेवते आणि विसरते. नात जया सारखी विचारते, पप्पांच्या गावात फटाके का वाजतात.

बसून बसून जीव गुदमरला म्हणून सकाळी जिन्याखालच्या मोटारसायकलवरची ताडपत्री काढली. सुमेध जाताना सांगून गेला होता, की गाडी दर आठवड्याला सुरू करून थोडी फिरवायला हवी, नाहीतर बॅटरी उतरते. ते काम त्याने चंदूला दिलेलं. चंदू हा इथल्याच, डोंबिवलीच्या कोळीवाड्यातला, सुमेधचा मित्र, सध्या रिक्षा चालवतो. रविवारी यायचा, गाडी फिरवून आणायचा आणि मग आमच्या स्वयंपाकघरात बसून चहा पीत त्याच्या आणि सुमेधच्या जुन्या गॅरेजच्या गोष्टी करायचा. रंभाही ऐकत बसायची. मागल्या वर्षी मी त्याला सांगितलं, यापुढे येण्याची गरज नाही. जी गोष्ट संपली तिच्या गप्पा कशाला हव्यात. त्यानंतर गाडीला कोणाचा हात लागलेला नाही.

चावी दाबली की एक लाल दिवा लागतो. तो लागला नाही. किक मारून मारून दम लागला. रंभा दारातून म्हणाली, "मामा, राहू द्या आता." आमच्याकडे सून सासऱ्याला मामा म्हणते.

राहू देणार नाही. मुलगा परत येईल तेव्हा गाडी चालू असली पाहिजे. दुसरं माझ्या हातात काय आहे?

९ ऑगस्ट

बॅटरी काढून पाहिली. आतलं पाणी पार आटलेलं, तारांच्या टोकांना पांढरट हिरवी बुरशी धरलेली. बुरशी चाकूने खरवडली आणि नळाचं पाणी भरलं. पाणी ते पाणी. काही उपयोग झाला नाही. उलट सदऱ्याला भोकं पडली आणि बोटांची आग होते आहे.

रंभा म्हणाली, "चंदूभाऊंना विचारू का?"

मी नको म्हटलं. एवढं मला जमेल. पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केली आहे.

१४ ऑगस्ट

बातम्यांत सांगितलं, की आपल्या लोकांना अम्मानहून विमानाने आणायला सुरुवात झाली. कुवेतपासून अम्मानपर्यंत मात्र ज्याचं त्याने वाळवंटातून यायचं. जॉर्डनच्या हद्दीवर तंबूत हजारो माणसं पडून आहेत म्हणतात. शांताने विचारलं, तिथे पाणी मिळत असेल का? मी म्हटलं, सरकार आहे, व्यवस्था असणारच.

सुमेधला सोडायला गेलो होतो तो दिवस आठवला. सहारच्या विमानतळावर काचेच्या दारापाशी तो पाया पडायला वाकला तेव्हा मी सांगितलं, "पाच वर्षं नेटाने काढ. रिकाम्या हाताने माझ्या दारात यायचं नाही." शांता घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. बायकांना हे कळत नाही. मुलाला असं एखादं वाक्य बरोबर द्यावं लागतं, तेच त्याला परमुलखात उभं ठेवतं. मधे एकदा त्याने 'मन लागत नाही, परत येतो' असं कळवलं, तेव्हाही मी हेच उत्तर दिलं. आणि तो टिकला की नाही?

१९ ऑगस्ट

बॅटरी पिशवीत घालून कल्याणला नेली. दुकानदार म्हणाला, "काका, साध्या पाण्याने प्लेटी खराब झाल्या. चार्जिंगला लावतो, पण भरवसा नाही." दोन दिवसांनी आणली. चावी दाबली तर लाल दिवा लागला, मंद का होईना. शांताला हाक मारून दाखवला. ती येऊन पाहीपर्यंत विझला.

२ सप्टेंबर, रविवार

ठाण्याला एकाचा जावई परत आला. मुंब्र्यातले काही जण आले. आमच्याकडे काही नाही. पत्र नाही, तार नाही. बिल्डिंगमधले लोक आता जिन्यात भेटले की मान खाली घालून जातात.

आज बाजारात जुन्या ऑफिसातले एक सद्गृहस्थ भेटले. सुमेधची चौकशी केली, आणि लगेच मंडल आयोगावर आले. "आता काय, सगळ्या खुर्च्या तुमच्याच." मी हसलो. अशा वेळी मी नेहमी हसतो. ती सवय नोकरीत लागली.

घरी आल्यावर मात्र बराच वेळ तेच डोक्यात राहिलं. माझे वडील गावची मेलेली ढोरं ओढून न्यायचे. त्यांच्या हातांचा वास कशानेही जायचा नाही. मी शाळेत होतो तेव्हा ते फाटकाबाहेर उभे राहायचे, आत येत नसत. बाबासाहेबांनी सांगितलं ते सोडा, आणि आम्ही सोडलं. मी शिकलो, खुर्चीवर बसलो, हेडक्लार्क होऊन निवृत्त झालो. माझा मुलगा बी.कॉम. झाला, आणि एक दिवस पाहतो तर कोपरच्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये चंदूबरोबर मांडी घालून बसलाय, कोपरापर्यंत काळे हात, आणि एका गिऱ्हाइकाची मोटारसायकल खोलतोय. मला पाहून हसला. म्हणाला, "आबा, या ना, आत या." मी आत गेलो नाही.

मी त्याला कधी मारलं नाही. एजंट शोधला, कागदपत्रं केली, सगळं मी केलं. तो टाळाटाळ करत होता. शेवटी एकदा तो रंभाच्या माहेरी गेला असताना भंगारवाल्याला बोलावून शेडमधली हत्यारं देऊन टाकली. परत आल्यावर तो रिकाम्या शेडमध्ये उभा राहिला, चंदूला काहीतरी बोलला, आणि पुढच्याच आठवड्यात पासपोर्टचे फोटो काढून आणले. कडू औषध होतं, पण लागू पडलं. फक्त ही येझदी त्याने ठेवली. ती विकायची नाही, एवढंच त्याने मागितलं. मी ते मान्य केलं.

९ सप्टेंबर

पुस्तकात वाचलं होतं, की बॅटरी उतरली असली तरी गाडी ढकलून सुरू करता येते. मी गाडीवर बसलो, रंभा मागून ढकलत होती. पुलाच्या उतारावर वेग आला. मी क्लच एकदम सोडला. मागचं चाक अडकून गाडी आडवी झाली आणि मी खाली पडलो. गुडघा सोलवटला, विजारीचा गुडघा गेला. रस्त्यावरची माणसं थांबून पाहत होती. म्हातारा आणि त्याची सून, भर दुपारी.

रंभाने गाडी उचलली. एकटीने. मला म्हणाली, "मामा, तुम्हाला गाडी येत नाही ना?"

सायकल येते, म्हटलं.

ती हसली नाही. परत येताना गाडी तिनेच हाताने चालवत आणली. पदराने तोंड पुसत होती, घाम होता की काय कोण जाणे.

१६ सप्टेंबर, रविवार

शहाडला जाऊन आलो. तिथे हरिहर म्हणून एक जण कुवेतहून परत आल्याचं कळलं. सुमेधच्याच कंपनीत होता, एकाच खोलीत राहायचे. रंभा म्हणाली, मीही येते.

हरिहर तिशीचा असेल, उन्हाने पार काळवंडलेला. आम्हाला पाहून उठून उभा राहिला आणि बसायला विसरला. मी विचारलं, सुमेध कसा आहे? म्हणाला, "अम्मानपर्यंत आम्ही बरोबरच होतो काका. ट्रकमधून आलेलो. चांगला आहे तो. पुढे विमानाला नंबर लागतात तसे… माझा आधी लागला." बोलताना तो माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. वाळवंटातून आलेला माणूस, त्याचं चित्त थाऱ्यावर नसणार.

त्याच्या बायकोने रंभाला आत नेलं. बऱ्याच वेळाने दोघी बाहेर आल्या. रंभाने तोंड धुतलेलं होतं, डोळे लाल. मी विचारलं, तर म्हणाली, आत कांदा चिरत होते.

चांगला आहे, हे कळलं. आता नंबर लागायचा बाकी आहे. शांताला सांगितलं, ती भिंतीला टेकून रडली. रंभा तिला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि दार लोटून घेतलं. अर्ध्या तासाने शांता बाहेर आली ती शांत होती. भात टाकला.

२३ सप्टेंबर

शहाडच्या फेरीने घरात जीव आला. रंभा आता पोटभर जेवते. जयाचे फ्रॉक धुऊन, इस्त्री करून ठेवते. परवा ठाण्याला मैत्रिणीकडे म्हणून गेली, ती संध्याकाळी आली. चेहरा थकलेला, पण बरा वाटला. आशा माणसाला काय काय करते.

आज ती स्वतः म्हणाली, "मामा, गाडी सुरू झालीच पाहिजे. चंदूभाऊंना बोलवते."

मी या वेळी अडवलं नाही. चंदू आला. मला वाटलं होतं टोमणा मारेल. त्याने फक्त चपला बाहेर काढल्या, पाणी मागितलं आणि बॅटरीकडे बघून म्हणाला, "काका, ही मेलीय. हिला किती पण चार्ज करा, रात्रीत उतरणार."

"ढकलून होईल का?"

"बघूया. थोडा तरी करंट लागतो."

उतारावर तो बसला, मी आणि रंभा ढकलत होतो. वरपासून खालपर्यंत एकदा. पुन्हा गाडी वर ओढून नेली. पुन्हा तेच. चंदूलाही जमेना, क्लच सोडला की गाडी दोन आचके देई आणि गप्प. माझी छाती धपापत होती. चंदू म्हणाला, काका, तुम्ही बसा कठड्यावर. मी बसलो नाही.

कितव्या वेळी कोण जाणे, गाडीने खोकल्यासारखा आवाज केला, निळा धूर सोडला आणि सुरू झाली. चंदू तसाच पुढे निघून गेला, वळणावर दिसेनासा झाला. रंभा रस्त्याच्या मधोमध उभी राहून त्या आवाजाकडे कान लावून होती. मी म्हटलं, आवाज तसाच आहे नाही? ती म्हणाली, "हो मामा."

चंदू परत आला, दारात गाडी थांबवली, गॅस कमी केला आणि गाडी बंद पडली. पुन्हा सुरू झाली नाही.

२९ सप्टेंबर

अशोक विजयादशमी. शांताने खीर केली. सुमेधला आवडते म्हणून वाटीत वेगळी काढून ठेवली. संध्याकाळी वाटी दिसली नाही. विचारलं, तर म्हणाली चंदू आला होता, त्याच्याबरोबर दिली. चंदूला एवढी खीर कशाला, मला समजलं नाही. सणाच्या दिवशी वाद नको म्हणून बोललो नाही.

७ ऑक्टोबर

हे लिहावं की नाही, कळत नाही.

कल्याण स्टेशनबाहेर हरिहर भेटला. मला पाहून रस्ता ओलांडून पलीकडे जात होता. मी हाक मारली. तो थांबला, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाला, "काका, मला खोटं झेपत नाही. आम्ही एकाच विमानाने आलो."

मी म्हटलं, कोण एकाच विमानाने?

"मी आणि सुमेध. ऑगस्टच्या शेवटी सहारला बरोबरच उतरलो. बाहेर तुमच्यासारखी कितीतरी माणसं हार घेऊन उभी होती. तो म्हणाला, तू हो पुढे. मी वळून बघितलं तेव्हा तो तिथेच पिशवी घेऊन उभा होता. तुमच्याकडे बोलू नको म्हणालेला. मी आता बोललो."

म्हणजे ऑगस्ट संपायच्या आतच तो मुंबईत आला. सहारहून डोंबिवली ती किती? मग घरी का नाही आला?

हरिहरचा काहीतरी घोळ झाला असावा. किंवा सुमेधला बाहेर पडल्यावर काही झालं असावं. उन्हाने, उपासमारीने माणसाची स्मृती जाते, असं वाचलंय. कोणी लुबाडलं असेल. हॉस्पिटलात पडलेला असेल.

शांताला आणि रंभाला यातलं काही सांगणार नाही. त्यांना हा धक्का सोसणार नाही.

१४ ऑक्टोबर

आठवडाभर फिरतोय. ठाण्याचं सिव्हिल झालं, मुंबईची दोन मोठी हॉस्पिटलं झाली. बेवारशी पेशंटांच्या खाटांपाशी उभा राहून चेहरे पाहिले. पोलीस चौकीत फोटो दिला. हवालदाराने विचारलं, "घरात भांडण?" मी म्हटलं, आमच्या घरात भांडणं होत नाहीत. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि फोटो टाचणीने कागदाला लावला.

घरी सांगतो, पेन्शनचं काम अडलंय. आज चप्पल काढताना रंभा समोर येऊन उभी राहिली. "मामा, तुम्ही कुठे फिरता इतके? पाय सुजलेत तुमचे." मी म्हटलं, पेन्शनचं काम. ती जाईना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "मामा, एक सांगू का…" तेवढ्यात शांताने आतून हाक मारली, "रंभा, इकडे ये आधी." बऱ्याच मोठ्याने. रंभा आत गेली ती परत आली नाही. काय सांगायचं होतं ते राहूनच गेलं. थोड्या वेळाने शांताने गरम पाण्याचं घमेलं आणून माझे पाय त्यात ठेवले. तिला पाय चेपताना मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. म्हणाली, "कुठे जाऊ नका आता. जो जिथे आहे तिथे बरा आहे."

बिचारीला काही माहीत नाही.

२१ ऑक्टोबर

दिवाळी होऊन गेली. आकाशकंदील लावला नाही.

चंदू नवी बॅटरी घेऊन आला. म्हणजे अगदी नवी नाही, पण चांगली. मी विचारलं, कुठून आणलीस? म्हणाला, "शीळफाट्याला एक ओळखीचा आहे. नवीनच आलाय, दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये बसतो."

बॅटरी जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलेली होती. खोबणीत हलू नये म्हणून खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून लावलेला, आणि तारांच्या टोकांना ग्रीस चोपडलेलं. सुमेधही असाच ट्यूबचा तुकडा लावायचा. सगळेच मेकॅनिक लावत असतील.

मी म्हटलं, त्या माणसाला माझ्यातर्फे धन्यवाद सांग. चंदू स्क्रू पिळत होता. खाली मान घालूनच म्हणाला, "सांगतो काका."

२८ ऑक्टोबर

सुरू झाली. एका किकला.

लाल दिवा लख्ख लागला, मी पाय मारला आणि इंजीन बोलायला लागलं. मी स्वतः मारली ती किक. जया टाळ्या वाजवत होती. गॅस कमी केला तरी बंद पडली नाही. हॉर्न वाजतो, हेडलाइट लागतो. चंदूबरोबर पंपावर जाऊन टाकी काठोकाठ भरून आणली. दुपारी कापडाने सगळी गाडी पुसली, चाकांच्या तारासुद्धा. सीटला एके ठिकाणी उसवलं होतं तिथे रंभाने टाके घातले.

बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागलं. सुमेध जिथे असेल तिथे असो. तो येईल तेव्हा गाडी दारात तयार आहे. मी रंभाला तसं म्हटलं. ती ताटावरून उठून आत गेली.

१ नोव्हेंबर, गुरुवार

पेन्शनला गेलो होतो. परत आलो तर जिन्याखाली ताडपत्रीची घडी करून ठेवलेली. गाडी नाही.

मला वाटलं चोरी. वर आलो. शांता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती. घरात आवाज नव्हता. जयाचे कपडे दोरीवर नव्हते.

"शांता, गाडी?"

"सुमेध घेऊन गेला."

मी तिथेच खाली बसलो. "कुठे आहे तो?"

"गेला. रंभाला आणि जयाला घेऊन गेला. शीळफाट्याला खोली बघितलीय."

मी विचारलं, कधीपासून माहीत होतं तुला? म्हणाली, शहाडहून आलात त्या दिवसापासून. रंभा ठाण्याला त्यालाच भेटायला गेली होती.

"मग मला का नाही सांगितलं? मी हॉस्पिटलं पालथी घातली, शांता. मुडदे पाहून आलो मी."

"त्याने शपथ घातलेली." मग म्हणाली, "तुम्ही विमानतळावर बोललात ते त्याच्या मनातून गेलं नाही. त्याच्या हातात एक पिशवी होती, तिच्यात टॉवेल आणि साबणाची वडी. एवढंच घेऊन आलेला तो. असं तुमच्या दारात कसं यायचं, म्हणाला."

ते बोलण्यापुरतं होतं, मी म्हटलं. बाप असं बोलतो. त्याचा कोणी असा अर्थ घेतं का?



मी विचारलं, बसला तरी का घरात? म्हणाली, पाणी प्यायला. वाळलाय खूप. चहा टाकते म्हटलं, तर विचारलं, आबा किती वेळात येतील. "मी सांगितलं, रांग असते, तासभर तरी लागेल. मग म्हणाला, चहा नको, निघतो."

मी तासाभराच्या आतच आलो होतो. तिने थोडं थांबवलं असतं तर भेट झाली असती. तसं मी म्हटलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं."

याचा अर्थ मला लागला नाही, आणि विचारायचं धैर्य झालं नाही.

आता घरात आम्ही दोघं आहोत. एक विचारलं मात्र, गाडी सुरू झाली का लगेच? शांता म्हणाली, झाली.

१९ नोव्हेंबर

काही नाही. जयाची एक चप्पल कपाटाखाली सापडली.

६ डिसेंबर

चैत्यभूमीला जाऊन आलो. दरवर्षी सुमेध खांद्यावर जयाला घेऊन यायचा, कुवेतला गेल्यावर रंभा यायची. यंदा एकटाच. एवढ्या गर्दीत उगाच पाठमोरी माणसं पाहत होतो.

९ डिसेंबर, रविवार

आज शीळफाट्याला गेलो. शांताला सांगून गेलो. ती नको म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही.

एसटी फाट्यावर थांबते. ट्रकांची रीघ, धूळ, पंक्चरवाले, ढाबे. विचारत विचारत गेलो. एका बाजूला नवी पत्र्याची टपरी, अजून पाटीही लावलेली नाही. सुमेध पाठमोरा उकिडवा बसून कोणाच्या तरी स्कूटरचं काहीतरी खोलत होता. केस कानाशी पांढरे झालेत. बत्तीस वर्षांचा आहे तो.

मी हाक मारली नाही. तोच वळला. उठून उभा राहिला, हात चिंधीला पुसले, पुन्हा पुसले. काळे ते काळेच राहिले. मग वाकून नमस्कार केला, मात्र हात पायांना लागू दिले नाहीत.

"बसा आबा." स्टूल पुढे केलं. समोरून चहा मागवला. मी या वेळी आत गेलो, पत्र्याखाली बसलो.

तब्येत विचारली. आईचे गुडघे कसे आहेत, बिल्डिंगला पाणी येतं का, विचारलं. मी उत्तरं दिली. मला खूप बोलायचं होतं. वाटेत एसटीत सगळं जुळवलं होतं. पण तो इतका नीट बोलत होता, की मधे घालायला जागा मिळेना. मुलासारखा नाही, ऑफिसात बाहेरगावच्या साहेबाशी बोलतात तसा.

मी म्हटलं, घरी चला सगळे. खोल्या रिकाम्या आहेत.

"बघू आबा. आता जयाचं नाव इथल्या शाळेत घातलंय."

"रंभा?"

"कामाला जाते. कळवतो तिला तुम्ही आलेलात ते."

खोली जवळच असणार. त्याने दाखवली नाही, मीही विचारलं नाही.

टपरीभोवती नजर टाकली. गिऱ्हाइकांच्या दोन गाड्या उभ्या होत्या. येझदी दिसेना. विचारलं, तर म्हणाला, "विकली आबा. इथे आणली त्याच आठवड्यात. त्यातूनच ही टपरी आणि हत्यारं घेतली."

हत्यारं तो जरा थांबून म्हणाला. मग चहाचा पेला उचलून विसळायला ठेवला.

मी म्हटलं, "चालत होती ना नीट?"

तेव्हा पहिल्यांदा त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं. "हो आबा. चांगली चालत होती. तुम्ही पुष्कळ मेहनत घेतलीत, चंदू सांगत होता."

एक गिऱ्हाईक गाडी ढकलत आलं, बॅटरी उतरलीय म्हणून. सुमेधने त्याला थांब म्हटलं आणि मला एसटीपर्यंत सोडायला आला. रस्ता ओलांडताना माझ्या कोपराला धरलं होतं. खिडकीची जागा मिळवून दिली. खाली उभा राहून म्हणाला, "आबा, एवढ्या लांब येत जाऊ नका तुम्ही. ऊन असतं, धूळ असते. तुम्हाला सोसायचं नाही."

गाडी सुटेपर्यंत तो थांबला नाही, गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

घरी आल्यावर शांताने विचारलं, काय म्हणाला? मी सगळं सांगितलं. चहा पाजला, एकदाही आवाज चढवला नाही, हात धरून एसटीत बसवलं. काळजी करतो अजून, म्हटलं. एवढ्या उन्हातून येऊ नका म्हणाला.

शांता तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आता कुठलं ऊन, थंडीचे दिवस आहेत."

मी म्हटलं, फाट्यावर असतं. मोकळी जागा आहे ती.